जास्तीत जास्त भात करपतो

सांगितलं ते असं: लू नावाचा एक सेनापती होता. लढायांना कंटाळून तो डोंगरातल्या एका गावात राहायला आला. शेजारी एक वैद्यीण राहायची. सेनापतीला साधा भात शिजवता येईना, म्हणून ती रोज येऊन त्याच्यावर ओरडायची.

होतं ते असं: शेजारी एक वैद्य राहायचा. पुरुष.

बदल एवढाच. कल्पिता चिनी गोष्टींची इंग्रजी भाषांतरं फोनवर वाचायची आणि धाकटी डहाणू या गावाच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना मराठीत सांगायची. दोन बोंबील घ्यायचे, जबड्यात जबडा अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची. हात कामात, कान मोकळे. ऐकायला हंसाकाकी असायची, आणि बोट किनाऱ्याला असली की तिचा मुलगा धर्मेश.

"ह्यात कुणी मरतं का गो?" काकीने आधीच विचारून घेतलं होतं. "टीव्हीवर रोज एक मरतो. नि इकडे बोटीला उशीर झाला की मी मरते."

"नाही काकी. जास्तीत जास्त भात करपतो."

"मग सांग."

आणि खरंच काही घडायचं नाही. मांजर हरवायचं, सापडायचं. सेनापती रुसायचा, वैद्यीण त्याला औषधाऐवजी साखरेचं पाणी पाजायची. काकी हसून हसून टोपलीवर रेलायची. वादळाची धाकधूक घरात होतीच, ती गोष्टीत कुणाला हवी होती? धर्मेश मात्र हसायचा नाही. जोडी हातात धरून तसाच थांबायचा.

"लाव ना ती दोरीवर," काकी म्हणायची. "का तिचंही लग्न लावतोस?"

लग्नाचं त्याच्याही चाललं होतंच. चिखल्याची संगिता. मुलगी चांगली, घर चांगलं, होकाराचा निरोप द्यायचा तेवढा राहिला होता.

काकी पाणी प्यायला घरात गेली, तेव्हा धर्मेश म्हणाला, "कल्पे, ती बाई सेनापतीकडे राहायलाच आली, नि गाव काहीच बोलत नाही?"

"नाही बोलत."

"ती नक्की बाईच आहे ना?"

इथे गोष्टीला दोन फाटे फुटतात.

न घडलेलं: कल्पिता म्हणते, "नाही रे. दोघं पुरुष आहेत. गाव त्यांना लोणचं आणून देतं." निरोप जात नाही, किंवा जातो, पण त्याला जे माहीत असायला हवं ते माहीत असून जातो.

घडलेलं: कल्पिताला आधी फोन आठवला. काकीच्या कानावर गेलं तर ती आईला सांगणार, आई फोन काढून घेणार. धर्मेश का विचारतोय, हे तिला समजलं होतं. समजूनच ती म्हणाली, "बाईच आहे. मग कोण असणार?"

"बरं," धर्मेश म्हणाला. जोडी दोरीवर टाकली.

निरोप गेला. हळद लागली, मांडव पडला, कल्पिता धर्मेशच्या वरातीत घाम निथळेपर्यंत नाचली. पुढे गोष्ट कुणी मागितली नाही. तिनेही सांगितली नाही.

दोन हजार एकोणीसमध्ये ती तलासरीला एका मोबाईलच्या दुकानात बसायची. बाजाराच्या दिवशी सुके बोंबील विकायला आलेला धर्मेश एकदा काउंटरशी उभा राहिला. तिला वाटलं, रिचार्ज हवा असेल.

"सेनापतीचं नाव तू बदललं नव्हतंस," तो म्हणाला. "त्यावरून गोष्ट शोधली. फोनच मराठी करून देतो आता. वेडंवाकडं करतो, पण कळतं."

तिने गिऱ्हाईकाचं कव्हर उगाच पुसायला घेतलं.

"सगळी वाचलीस?"

"सगळी. प्रत्येक पानाला वाटायचं, आता कुणीतरी ह्यांना मारणार. आता बापाला कळणार. आता एक जण विहीर जवळ करणार. कुणीच काही करत नाही गं."

"नाही करत."

"शेवटी दोघं म्हातारे होऊन दारात शेंगा सोलत बसतात."

"हो."

"मी विचारलं तेव्हा तुला हे माहीत होतं?"

खोटं तिला अजूनही सांगता आलं असतं. अर्धीच वाचली होती, असं म्हणणं फारसं कठीण नव्हतं.

"होतं," ती म्हणाली.

धर्मेशने मान हलवली, रागाशिवाय, भाव पटला नाही की गिऱ्हाईक हलवतं तशी. बाहेर संगिता टोपलीजवळ उभी राहून त्याला हाक मारत होती. तो गेला.