फ्रिजवरची शिंपल्याची बाटली

मी बोलतेय, फ्रिजवरून. ती स्टीलची बरणी नव्हे. तिच्यात मेथीदाणे आहेत आणि ती कुणाशीच बोलत नाही. तिच्या शेजारची पांढरी, बुटकी, निळ्या झाकणाची प्लॅस्टिकची बाटली आहे ना, ती मी. कॅल्शियमच्या गोळ्यांची.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फारसं काही नाही. साच्यात गरम प्लॅस्टिक आलं, कुणीतरी यंत्रानं हवा फुंकली आणि झाले मी. पुढं दुसऱ्या कारखान्यात माझ्या पोटात गोळ्या भरल्या. समुद्रातले शिंपले धुऊन, वाळवून, दळून त्या भुकटीच्या केलेल्या लांबट पांढऱ्या गोळ्या. मला त्याचं काही वाटलं नाही. बाटलीला ना जात ना पंथ. जे भरलं ते आपलं.

जयपूरला बनी पार्कातल्या एका औषधाच्या दुकानात मी धूळ खात उभी होते. २००५ सालच्या हिवाळ्यात सुवर्णा नावाच्या सुनेनं मला सासूबाईंसाठी विकत घेतलं. माझं खोकं तिनं दुकानातल्या टोपलीतच टाकलं. घरी कचरा कशाला न्यायचा, हा तिचा नेहमीचा हिशेब. तसल्याच एका खोक्यावरून पुढं एवढं महाभारत घडणार आहे, हे तिला किंवा मला कुठं ठाऊक होतं?

सासूबाईंचं नाव कलावतीबाई. माणसं मूळची अमरावतीकडची. कलावतीबाईंचे यजमान सुखदेवराव मालगाडीवर गार्ड होते, ते बडनेऱ्याहून निवृत्त झाले. मुलगा पवन रेल्वेच्याच ऑफिसात. त्याची बदली जयपूरला झाली आणि म्हातारा-म्हातारी त्याच्यामागोमाग इथं आले. सून सुवर्णा भंडाऱ्याची, तलावांच्या मुलखातली, कडेवर तान्हं लेकरू.

त्या हिवाळ्यात कलावतीबाई जिन्याच्या अगदी शेवटच्या पायरीवरून घसरल्या. पडल्या म्हणावं असंही ते पडणं नव्हतं. हात टेकला आणि मनगट मोडलं. डॉ. गोधांनी हाडांची तपासणी करायला लावली आणि सांगितलं, हाडं ठिसूळ झाली आहेत, ऑस्टिओपोरोसिस. रोज जेवणाबरोबर कॅल्शियमची गोळी, आठवड्यातून एकदा व्हिटॅमिन डीची पूड दुधातून, सकाळचं ऊन आणि चालणं.

कलावतीबाईंनी हे सगळं मनावर घेतलं, कारण त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. पहिल्याच दिवशी मला हातात घेऊन त्या सुवर्णाला म्हणाल्या, "माही माय शेवटी शेवटी पार वाकून गेली होती. दारात कोन आलं ते त्याच्या पायावरून वळखे. मले तसं नाई व्हायचं, बाई. मले मानसाचं तोंड पाहून बोलता आलं पाह्यजे."

प्लॅस्टर निघालं तरी मनगटात जोर नव्हता. नव्या बाटलीचं झाकण त्यांना उघडेना. माझं मात्र वापरून वापरून सैल झालं होतं. म्हणून गोळ्या संपल्या की सुवर्णा नवी बाटली आणायची, त्यातल्या गोळ्या माझ्यात ओतायची आणि नवी बाटली भंगारात द्यायची. त्यामुळं माझा भाव चांगलाच वधारला. बाकीच्या बाटल्या महिन्याभराच्या पाहुण्या, मी घरची.

मग उन्हाळ्यात एकदा सुवर्णाऐवजी पवन औषधं घेऊन आला. पुरुषमाणूस! खोकं, पावती, पिशवी, सगळं घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून टीव्हीसमोर बसला.

कलावतीबाईंनी खोकं उचललं. त्यावर चित्र होतं उघडलेल्या शिंपल्याचं, आत टपोरा मोती. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण चित्राला कुठं भाषा लागते?

"काय रे पवन, हे शिंपलं कायले काढलं हाय याच्यावर?"

"त्याचीच बनते ना गोळी, आई. नॅचरल असते," तो म्हणाला. मॅच ऐन रंगात आली होती. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या स्वतःच्याही कानापर्यंत पोचलं नसावं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. कलावतीबाई महानुभाव पंथाच्या. लग्नाआधीच त्यांनी उपदेश घेतलेला. घरी कुणी आलं तर त्यांच्या तोंडून नमस्कार निघत नाही, 'दंडवत प्रणाम' निघतं. मांसमच्छी सोडाच, मुंगीवर पाय पडला तरी त्या हळहळतात. आणि त्यांनी चार महिने रोज शिंपल्याची गोळी गिळली होती.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पोटात गडबड आहे म्हणाल्या. दुपारी घरात कुणी नसताना माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्याशी बोलल्या. "तुह्यात काय हाय ते मले मालूम झालं, बाई. आता तुले तोंडात कशी घेऊ? अन् सुवर्णाले तरी काय सांगू? थे मासोळीवर वाढलेली पोर. या घरात आली अन् कोनी न सांगता सोडून देल्ली. तिले मी म्हनू, का तू मले जीव चारला? तिचं काळीज फाटन."

मी बापडी काय सांगणार? माझ्या पोटातल्या गोळ्यांना मी प्रथमच दोष दिला.

दुसऱ्या दिवसापासून नवा क्रम सुरू झाला. जेवण झालं की कलावतीबाई माझं झाकण उघडत, एक गोळी काढत, पदराच्या टोकात गुंडाळत आणि आतल्या खोलीत जाऊन शिलाई मशीनच्या खणात टाकत. पैसे घालून आणलेलं औषध फेकवत नव्हतं आणि गिळवत तर नव्हतंच. सुवर्णानं स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, गोळी?" की त्या म्हणत, "झाली." घेतली असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, ही तारेवरची कसरत मी रोज बघत होते.

पण हाडांना ही कसरत कशी कळणार? मधल्या फळीवरचा हळदीचा डबा त्यांच्या हाताला सहज यायचा, तो आता टाचा उंचावून काढावा लागू लागला. दुपारी एकट्या असल्या की त्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहत आणि डोकं भिंतीला लागतंय का ते बघत. लागत नसे सहजासहजी. मला त्यांची फार दया यायची. एकीकडं धर्म, दुसरीकडं पाठ, आणि मधे मी, झाकण सैल झालेली.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी चालू औषधं बरोबर आणायला सांगितली होती, म्हणून सुवर्णानं मला पर्समध्ये टाकलं. सुखदेवराव बरोबर होतेच, मीही गेले.

डॉ. गोधांनी रिपोर्ट उलटसुलट बघितला. "माताजी, एक साल में फ़ायदा होना तो दूर, थोड़ा और गिर गया है. रीढ़ की हड्डी भी कमज़ोर दिख रही है. गोली रोज़ ली थी न?"

कलावतीबाई काही बोलायच्या आत सुखदेवराव सुनेकडं वळले. गार्डाची नोकरी, शिस्तीचा माणूस. "सुवर्णा, रोज देत होती का गोळी? मी बत्तीस साल गाडीमागं उभा राह्यलो, एक दिवस झेंडी चुकवली नाई. घरातल्या मानसाची एक गोळी ध्यानात राहत नाई का?"

सुवर्णाचा चेहरा उतरला. "बाबा, मी रोज विचारत होते... लेकरू आजारी होतं तेव्हा एक-दोनदा विसरले असेन..." तिचे डोळे भरून आले. न केलेल्या चुकीत स्वतःची चूक शोधायला लागली बिचारी.

"तिले काई म्हनू नका!" कलावतीबाईंचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "पोरीनं एकही दिवस चुकवला नाई. मीच खाल्ली नाई. आठ महिने झाले, एकही नाई खाल्ली. शिंपल्याची हाय थे. मी उपदेशी बाई, मले जिवाचं चालत नाई. सगळ्या मशीनच्या खनात पडल्या हायत." आणि मग डॉक्टरांकडं बघून हात जोडून, मोडक्या हिंदीत, "साब, मेरेकू झुकना नाई है. लेकिन ये भी मुँह में जाती नाई."

मी पर्समधल्या फणीशेजारी श्वास रोखून बसले होते. आता बोलणी खावी लागणार, असंच मला वाटलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि चक्क हसले. "माताजी, मैं ख़ुद जैन हूँ. इस कुर्सी पर रोज़ कोई न कोई पूछता है कि गोली किससे बनी है. आपका मराठी घर सुनकर मैंने मान लिया कि मछली-वछली चलती होगी. पूछा ही नहीं. ग़लती मेरी है." त्यांनी कागद पुढं ओढला. "चूने के पत्थर से बनी गोली आती है. वही कैल्शियम है, कोई फ़र्क़ नहीं. राजस्थान में बैठकर पत्थर की क्या कमी!"

"दगडाची भेटते?" कलावतीबाई सुवर्णाकडं बघतच राहिल्या. "म्हंजे नुसतं तोंड उघडून इचारलं असतं तं..." आणि त्या रडता रडता हसायला लागल्या. सुखदेवराव खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मलाही हायसं वाटलं. आठ महिने माझ्या पोटावर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता.

डॉक्टरांचं अजून संपलं नव्हतं. सुवर्णा खुर्चीतून उठताना कमरेला हात लावते, हे त्यांनी पाहिलं होतं. बाळ अजून अंगावर पितं हे कळल्यावर तेही लिहून दिलं: तिनंही कॅल्शियम घ्यायचं. "हड्डी बूढ़ी होकर नहीं बनती, बेटा. अभी बना लो."

परतताना रिक्षात दोघी शेजारी बसल्या होत्या. सुवर्णा म्हणाली, "आई, मला सांगायचं ना. राग आला असता मला, नाही असं नाही. पण संध्याकाळपर्यंत गेला असता."

"हव वं बाई," एवढंच बोलून कलावतीबाईंनी तिचा हात धरला.

सुखदेवराव सुनेला 'चुकलं' म्हणाले नाहीत. त्यांच्या पिढीला तो शब्दच शिकवलेला नाही. संध्याकाळी स्टेशनजवळून तिच्या आवडीची प्याज कचोरी घेऊन आले आणि आधी तिच्या ताटात वाढली. खणातल्या जुन्या गोळ्या त्यांनी स्वतः खड्डा करून गच्चीवरच्या कुंडीत पुरल्या.

माझ्या शेजारी दगडाच्या गोळ्यांची नवी बाटली आली, तिरकी हिरवी पट्टी असलेली. थोडी आखडू आहे, पण कामाची. कलावतीबाई तिच्यातली गोळी जेवताना सगळ्यांसमोर घेतात, मोठ्यानं "घेतली" म्हणतात आणि सकाळी गच्चीवर उन्हात फेऱ्या मारतात. यंदाच्या, २००८ च्या रिपोर्टमध्ये घसरण थांबलीय, उलट थोडं वर गेलंय म्हणे. भिंतीला पाठ लावून उभं राहणं त्यांनी सोडून दिलंय.

आणि मी? मला वाटलं होतं, आता आपली रवानगी भंगारात. तशी वेळ आलीही होती. तपासणीच्या आदल्याच दिवशी सुवर्णानं माझ्यात गोळ्या भरल्या होत्या, काठोकाठ. दगडाची बाटली आली त्या दिवशी तिनं मला उचललं आणि म्हणाली, "आई, ह्या देऊन टाकते कुणाला तरी. घरात शिंपला नको. मी पण तुमच्यातलीच घेईन."

कलावतीबाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. तुम्ही घरात कुणाला प्रेमानं काही खायला घालत असाल ना, तर एकदा 'चालतं ना?' म्हणून विचारत जा, एवढंच माझं मागणं आहे. कारण त्या दिवशी त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"तुले चालते नं?"

सुवर्णानं मान हलवली.

ज्या हातानं मला चोरून उघडलं होतं, त्याच हातानं त्यांनी माझं झाकण फिरवलं, शिंपल्याची एक गोळी स्वतःच्या तळव्यावर घेतली आणि पाण्याच्या पेल्यासकट सुनेपुढं धरली.

"मंग घे. मासोळी सोडली तेवढं लई झालं. माह्या पथ्यापायी तुह्या हाडायनं कायले उपाशी राहावं?"