वसुधाचा शेपटा

श्यामकांत परचुरे आयुष्यभर विमा कंपनीच्या दावे खात्यात होते. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं, याबद्दल त्यांना पगार मिळे. निवृत्तीनंतर पगार थांबला, सवय राहिली. डोक्यावरचे केस नोकरीतच गेले होते, पण मिशी शाबूत होती, आणि ती ते रोज आरशासमोर उभं राहून कोरत.

बायकोचा शेपटा कमी होतोय हे त्यांच्या लक्षात आलं ते दसऱ्याला. गणपतीत तो कमरेपर्यंत होता. दसऱ्याला पाठीच्या मध्यावर आला आणि दिवाळीत खांद्यावर येऊन टेकला. वसुधाला विचारलं तर म्हणाली, "गळतात हो." गळणारे केस एका रेषेत गळत नाहीत, एवढं त्यांना दावे खात्यानं शिकवलं होतं. न्हाणीघरातल्या कचऱ्याच्या डब्यात पेपरात गुंडाळलेली बट सापडली तेव्हा त्यांनी ती पुरावा म्हणून पाकिटात घालून ठेवली.

खाली सुगंधाचं पार्लर होतं. तिथे चौकशी केली.

"काकू माझ्याकडे नाही येत," सुगंधा म्हणाली. "आणि ते कापणं माझं असतं ना काका, तर मी शटर ओढून गावी गेले असते."

म्हणजे घरच्या कात्रीचं काम. पुढचे पुरावे आपोआप येत गेले. वसुधा फोडणी देताना पुटपुटायची, आणि ती रामरक्षा नव्हती, संस्कृतही नव्हतं. दर रविवारी सकाळी ती भजनाला म्हणून जायची, पण टाळ घरीच. आणि तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. काळ्या-पांढऱ्या वेषातली एक नन, मागे पुस्तकांची भिंत, आणि नजर अशी की श्यामकांतांनी कपाट बंद केलं.

शेजारच्या सहदेव राण्यांना त्यांनी सगळं सांगितलं. सहदेवनी चहा संपेपर्यंत विचार केला.

"माका वाटता, वहिनी सिस्टर होतली."

"काहीतरीच काय रे!"

"केस कापतत, चित्र ठेवतत, मंत्र म्हणतत. आणखी काय होया तुका? मठातसून पत्र?"

त्या दुपारी श्यामकांतांनी चहा करायला घेतला आणि साखरेचा डबा कुठला हे त्यांना सापडेना. चौतीस वर्षांच्या संसारात आपण आपल्या घरात पाहुण्यासारखे राहिलो, असं काहीसं त्यांच्या मनात येऊन गेलं. बिनसाखरेचा चहा पिताना त्यांनी ठरवलं, काय वाटेल ते झालं तरी वसुधाला जाऊ द्यायचं नाही. रविवार बंद.

पण आधी तपास.

रविवारी तिच्या मागोमाग ते घाटकोपरला मेट्रोत चढले. तोंडावर करोनातला मास्क, डोक्यावर लेकीची फुलांची टोपी. या वेषात आपल्याकडे कुणी बघणार नाही अशी त्यांची समजूत होती. सगळा डबा त्यांच्याकडे बघत होता. वसुधा मात्र खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होती. मरोळ नाक्याला ती उतरली, दोन गल्ल्या चालली आणि सरळ एका चर्चच्या फाटकातून आत गेली.

श्यामकांत टोपी सावरत तिच्या मागे गेले.

चर्चमागच्या हॉलमधून बायकांचे आवाज येत होते. एकजण काही म्हणे, बाकीच्या तेच परत म्हणत. दीक्षाच, दुसरं काय! ते तडक आत घुसले.

आत फळा होता. चौदा-पंधरा बायका बाकांवर बसल्या होत्या आणि जीन्समधली एक मुलगी खडू घेऊन उभी होती. फळ्याच्या कोपऱ्यात तीच नन.

"काका, नवीन अ‍ॅडमिशन का? मी श्वेता. स्पॅनिश शिकवते."

"काय शिकवता?"

"मास्क काढा आधी," दुसऱ्या बाकावरून वसुधा म्हणाली. "तो सदरा मीच इस्त्री केलाय."

श्वेतानं शहाणपणानं चहाची सुट्टी जाहीर केली. दोघं बाहेर बाकड्यावर बसली.

"भजन म्हणालीस मला."

"स्पॅनिश म्हटलं असतं तर हसला असता. गेल्या वर्षी म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, कोथिंबीर काय स्पॅनिशमध्ये घेणार आहेस? भजनाला कुणी हसत नाही."

"आणि ही बाई कोण?"

"मेक्सिकोतली. तीनशे वर्षांपूर्वीची. तेव्हा तिथे स्पेनचं राज्य. ही कविता लिहायची, ग्रहताऱ्यांवर बोलायची. वरचे धर्मगुरू म्हणाले, बाईच्या जातीला एवढी पुस्तकं कशाला? तिनं उत्तर लिहिलं, हे एवढं लांब. बाईला शिकायचा हक्क का आहे, ते सगळं मुद्देसूद. मला ते तिच्या भाषेत वाचायचंय."

"नवऱ्यानं चालवून घेतलं?"

"नवरा नव्हता. लग्न टाळायला तर मठात गेली. तिथे वाचायला वेळ मिळतो म्हणून."

श्यामकांत बाकड्यावरून अर्धवट उठले. "मग तूही..."

"मी नन झाले तर तुमचं पथ्याचं कोण बघणार? मठात तुमच्यासकट घेत नाहीत."

"केस का कापतेस मग?"

वसुधा जरा लाजली. "ती लहानपणी तसं करायची. केस अमुक वाढेपर्यंत अमुक धडा यायला हवा. नाही आला तर कात्री. माझी क्रियापदं येईनात. म्हटलं, बघू तरी करून."

"येतात आता?"

"शेपट्याकडे बघा आणि तुम्हीच सांगा."

श्यामकांतांनी बघितलं. रविवार बंद म्हणायला आले होते. तोंड उघडलं तर निघालं भलतंच.

"कात्री बंद कर. उजळणी मी घेईन."

"तुम्हाला एक अक्षर कळत नाही."

"दावेदाराची भाषा कळावी लागत नाही. चेहरा कळतो."

आणि खरंच कळे. रोज रात्रीच्या जेवणानंतर ती क्रियापदं म्हणून दाखवी आणि हे भुवई उचलत. "मधला एक शब्द खाल्लास." वसुधा पुस्तक उघडून बघे. खाल्लेला असे. जानेवारीत ती पहिली परीक्षा पास झाली. शेपटा खांद्यावर होता तिथेच राहिला.

फक्त तिनं एक अट घातली होती. रविवारचा स्वयंपाक त्यांनी शिकायचा, नियम तोच. डोक्यावर कापण्यासारखं काही नसल्यामुळे दुसरी सोय बघावी लागली.

गेल्या रविवारी संध्याकाळी सहदेव वाटीभर साखर मागायला आले आणि दारातच थबकले. श्यामकांतांची मिशी डावीकडे बोटभर कमी होती.

"अरे, तुका काय झाला?"

"कणीक सैल झाली," श्यामकांत म्हणाले आणि साखरेचा डबा न शोधता काढून दिला.

सहदेवनी मिशीकडे बघितलं, मग डब्याकडे, मग आत वसुधाचं पुटपुटणं चालू होतं तिकडे. वाटी घेऊन ते निघाले खरे, पण घरी गेले नाहीत; ही बातमी थंड व्हायच्या आत खाली पोचवायची होती. सुगंधाच्या पार्लरकडे जिना उतरताना त्यांची पावलं ऐकू आली.