दोन्ही बाह्या डाव्या

बँकेतला शिपाई नवा कोट अंगात घालूनच दुकानात आला. म्हणाला, "मास्तर, मला दोन्ही हात डावे दिसले का तुम्हाला?" बाकीची गिऱ्हाइकं खो खो हसली. मी नाही हसले. कोटाचा उजवा खांदा असा फुगला होता, जणू आत मांजर बसलंय. बाह्या दोन्ही डाव्या होत्या.

मास्तर म्हणजे आमचे हे. उभा जन्म कापड कापण्यात गेला, त्यांच्या हातून असलं काही होईल? कापतात हे, शिवते सून. मी सुनेकडे पाहिलं, तर तिनं मान खाली घातली. तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

कारण ती कधीची माझ्या कानाशी लागली होती. "आई, बाबा हल्ली फार विसरतात. एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"वय झालंय त्यांचं. मीही दुधावर झाकण ठेवायला विसरते. मलाही दाखव!"

"तसं नाही हो. परवा इस्त्री कापडावर तशीच ठेवून..."

"पुरे."

मी काही दूधखुळी नाही. तिचा नवरा नोकरीला परगावी, त्यात सासरा वेडा ठरला, की दुकानाची किल्ली कोणाच्या हातात? इयत्ता दुसरीतून शाळा सुटली माझी, म्हणून मला एवढंही कळू नये?

दुपारची झोप सोडून मी दुकानात स्टुलावर ठाण मांडलं. सून पाण्याला उठली तरी माझी नजर मागोमाग. शेवटी सापडली! कोपऱ्यात पाठमोरी बसून ती एका सदऱ्याची बाही उसवत होती. मांडीवर त्याच कापडाची दुसरी बाही, नुकतीच कापलेली.

"बरी सापडलीस! चांगलं काम उसवतेस आणि नाव त्यांचं घालवतेस?"

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आई, बाबांनी चुकवलेलं मी सरळ करते. कापड विकत आणून. शिपायाचा कोट तेवढा नजरेतून सुटला."

"खोटं!"

"मग मी नसताना त्यांच्याकडून काही कापून घ्या. म्हणजे झालं."

"घेतेच. तू माहेरी जा आणि उद्यापर्यंत तोंड दाखवू नकोस."

ती गेल्यावर मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. एका अंगाला चकाकी असलेलं कापड त्यांच्यापुढं टाकलं. "अहो, मला एक जाकीट शिवा. लांब बाह्यांचं."

लग्नापासून ह्यांनी मला कधी टेप लावली नव्हती. "तुझं माप माझ्या बोटांत आहे," म्हणायचे. त्या दिवशी टेप घेतली. बाहीचं माप घेतलं, आकडा पुटपुटत टेबलापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा माप. पुन्हा टेबल. पुन्हा माझ्यासमोर.

"अहो, आत्ताच घेतलंत की!"

"खात्री केलेली बरी," म्हणाले आणि हसले. पहिल्यांदा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून हसतात ना, तसं.

कापड दुमडायचं, त्यावर कागदी बाही ठेवायची, मग कात्री. म्हणजे डावी-उजवी जोडीनं निघते. न दुमडता ज्या शिकाऊ पोरानं कापलं, त्याला ह्यांनी पूर्वी पट्टी मारलेली मी पाहिली आहे. आता ह्यांनीच कापड एकेरी पसरलं. एक बाही कापली. तोच कागद तसाच ठेवून दुसरी कापली. कात्रीचा आवाज मात्र पूर्वीसारखाच, एकसारखा. दुकानात आम्ही दोघंच होतो. आता संशय घ्यायचा तरी कोणावर?

सून परतली तेव्हा मी एवढंच म्हटलं, "डॉक्टरकडे कधी जायचं? मीही येणार आहे."

डॉक्टरीणबाई पोरसवदा. ही सुनेच्याच ओळखीची असणार, म्हणून मी तिच्यावरही डोळा ठेवून होते. तिनं ह्यांना महिना विचारला. मी सांगितला.

"आजी, तुम्ही नको. त्यांना बोलू द्या."

हे छताकडे बघत राहिले. तिनं तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, त्यातला एकही आला नाही. मग म्हणाली, "रक्त तपासू, डोक्याचा फोटो काढू. कधी कधी औषधानं बरं होण्यासारखं कारणही सापडतं. आत्ताच काही ठरवू नका. घरी काय दिसतं, ते सांगा."

पिशवीतून ह्यांनी कापलेल्या त्या दोन बाह्या काढून मी टेबलावर ठेवल्या.

तिला काय कळणार त्यातलं? पण ह्यांची मान खाली आली. डोळे पूर्वीसारखे बारीक झाले. "दोन्ही डाव्या! न दुमडता कापलंय. कोणाचं काम हे? हाकलून द्या त्याला."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं.

"मी कापलंय," मी म्हटलं.

"तुला कात्री कोणी दिली?" असे कडाडले, की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. मग हेच पुढं झुकले, एक बाही उचलून दुमडली आणि अंगठ्यानं घडी दाबली. "आधी दुमडायचं. मग कात्री. कळलं?"

"पुन्हा सांगा," मी म्हटलं. "मी विसरते."