उघड्या डोळ्यांची झोप

"डोळे मिटले की ओरडायचं. समोरचा रागावला तरी ओरडायचं," मला घडवणाऱ्या बाई माझी काच पुसता पुसता म्हणाल्या होत्या.

मित्रांनो, मी ट्रकमधला एक जुना कॅमेरा आहे, मुठीएवढा. रस्त्याकडे माझी पाठ असते आणि चालकाकडे तोंड. दूरच्या प्रवासात त्याच्या पापण्या मिटू लागल्या की मी शिट्टी वाजवतो. हाच माझा नेम. रस्ता कसा असतो, ते मात्र मी कधी पाहिलेलं नाही.

आमचे चालकदादा अठ्ठावीस वर्षं गाडी हाकत होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव 'सासूबाई' ठेवलं. "झाल्या सुरू! अहो, नुसता शिंकलो मी!" मग माझ्यावर रुमाल पडू लागला. त्याखाली मी इंजिनाची घरघर ऐकत तळमळत असे. आता कसे असतील यांचे डोळे?

एकदा वहिनी, म्हणजे दादांची बायको, माहेराहून परतताना गाडीत बसल्या. त्यांनी आधी रुमाल उचलला.

"आता दोघींचा पहारा!" दादा हसले.

जेवणानंतरची दुपार होती. दादांचे हात स्थिर होते आणि डोळे उघडे. मी पापण्या मोजत होतो, त्या मिटत नव्हत्या. पण बुबुळंही हलत नव्हती. ते ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं. काहीतरी चुकतंय, असं सारखं वाटत होतं आणि मी गप्प होतो.

चाकांखाली खडी करकरली.

"अहो!" वहिनींनी स्टिअरिंगला हात घातला. दादा दचकले, ब्रेक करकचून लागला. बाजूच्या खिडकीतून मला दिसलं, गाडी खड्ड्याच्या अगदी काठावर थांबली होती.

"डोळे उघडे होते माझे! या सासूबाई तरी वाजल्या का?"

"उघडे होते हो, पण बघत कोण होतं?"

मग वहिनींचा आवाज उतरला. "जेवताना घास हातात तसाच राहतो तुमचा. घोरता घोरता श्वास अडकतो, मी उठून बसते. डॉक्टरांना दाखवा."

"आणि त्यांनी गाडी चालवू नका म्हणून लिहून दिलं तर? दुसरं येतं काय मला?"

"ते नंतर बघू. आधी तुम्ही धड घरी या."

दादांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "सोमवारी जातो. शब्द देतो तुला."

मित्रांनो, मला पापण्या मोजता येतात, थकवा मोजता येत नाही. त्या दुपारी माझा नेम चुकला, तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून विनवतो, माझ्या भरवशावर कुणाला पेंगत गाडी हाकू देऊ नका. घरचं माणूस असं निघालं तर त्याचा हात धरा. रागावलं तरी धरा.

सोमवारी सकाळी दादा केबिनमध्ये आले. मालकांना फोन करून "आज गाडी निघणार नाही, दवाखान्यात जायचंय" एवढंच म्हणाले. मग दार आवाज न करता लोटून खाली उतरले. बाजूच्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसली. माल भरून उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेजवळून ते पायीच चालले होते.