गाँगची जागा

आमच्या जावामधल्या गावात मी मुलांना गामेलान, म्हणजे काशाच्या वाद्यांचा आमचा वाद्यवृंद, शिकवतो. सुरांचे आकडे कॉम्प्युटरवर लिहितो आणि शेवटच्या सुराच्या वर, स्पेस दाबत दाबत, चाल पुरी झाली की वाजणाऱ्या गाँगची, मोठ्या काशाच्या थाळीची, खूण नेऊन ठेवतो.

दूर सुमात्रा बेटावरची, फोनवरून माझ्याकडे शिकणारी मुलं संध्याकाळी माझी नवी चाल वाजवणार होती. नात विदुरीने ती फाइल त्यांच्यासाठी वेबपानात बदलली, आणि गाँग थेट पहिल्या सुरावर जाऊन बसला.

"अहो आजोबा, तुमचं गाणं सुरू व्हायच्या आधीच संपलं!" ती हसली. "वेबपान ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गिळून टाकतं."

"हसतेस काय? पोरांच्या हातात चुकीचा गाँग बसला, तर सुटता सुटत नाही."

"मग वादकांना बसवता तसं करा. प्रत्येकाला आपली चटई."

आम्ही तक्ता केला. प्रत्येक सुराला एक चौकोन दिला आणि गाँगला शेवटच्या सुराच्या डोक्यावर स्वतःचा. फाइल पुन्हा बदलली. या वेळी खूण जागची हलली नाही.

संध्याकाळी फोनवर मुलांचं वाजवणं ऐकताना मी शेवटच्या सुराची वाट पाहिली. गाँग तिथेच घुमला.

"उद्या जुन्या फाइली घेऊ," विदुरी म्हणाली. "आणि स्पेसला हात लावायचा नाही!"