तेजलची भूक

सुनंदा मॅडमचं नाव निघालं की माझे हात आपोआप जुळतात. आणि मी काही पटकन हात जोडणारी बाई नाही. साकीनाक्याच्या कारखान्यात मी सुपरवायझरलाही तोंडावर सुनावते.

माझी तेजल नऊ वर्षांची असताना तिच्या मेंदूतली गाठ काढली. पोरगी वाचली, पण वर्षभरात ती फुगायलाच लागली. जेवून उठली की पुन्हा डबे उघडायची. घाटकोपरच्या आमच्या चाळीत जो तो मला अक्कल शिकवायचा, "शकु, पोरीला आवर जरा." माझं डोकं फिरायचं आणि राग निघायचा तिच्यावर. खादाड, हावरट, काय काय बोलले मी!

यंदा वर्षावासाचे, पावसाळ्यातले व्रताचे तीन महिने सुरू झाले तसं मी ठरवलं. बुद्धविहारात आम्ही बायका पौर्णिमेला अष्टशील घेतो, दुपारी बारानंतर अन्नाचा कण घेत नाही. म्हटलं, हिला रोज घ्यायला लावते. मनावर ताबा आला की भूकही आवरेल. तिचे बाबा म्हणाले, "अगं, बारा वर्षांची आहे ती." मी त्यांना गप्प केलं. तेजल बिचारी रोज हात जोडून शील घ्यायची.

अकराव्या दिवशी कामावरून आले, तर पोरगी मोरीत बसून कच्चे तांदूळ चावत होती. "शील मोडलंस?" म्हणत मी कानाखाली वाजवली. ती एवढंच म्हणाली, "आई, मी खूप थांबून बघितलं गं."

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात तपासणी होती. वजन तीन किलो वाढलेलं! सुनंदा मॅडम हार्मोनच्या डॉक्टर, त्यांच्याकडे आम्हाला पहिल्यांदाच पाठवलेलं. त्यांच्यापुढे मी सगळी तक्रार मांडली, चोरून खाते, ऐकत नाही. मॅडम माझ्यावरच उखडल्या.

"शकुताई, पोट भरलं हे मेंदू ठरवतो. अंगातली चरबी एक हार्मोन सोडते. ते रक्तातून मेंदूपर्यंत जाऊन सांगतं, पुरे आता. ते ऐकणारी जागा हिच्या गाठीला चिकटलेली होती, तिला इजा झालीय. निरोप जातो, पण ऐकायला कुणी नाही. मेंदूला वाटतं, पोरगी उपाशी मरतेय. मग तो भूक लावतच राहतो, आणि मिळेल ते चरबी करून साठवतो. तुम्ही श्वास रोखून किती वेळ बसाल? तसंच आहे हे."

एवढंसं लेकरू अकरा दिवस त्या भुकेशी एकटं झुंजलं, आणि मी त्याला मारलं! तिथेच तेजलला पोटाशी धरून मी रडले. "चुकलं गं माझं, पोरी."

मॅडमनी औषध दिलं, खाण्याच्या वेळा ठरवून दिल्या, उपास बंद म्हणून बजावलं. मग एका कोऱ्या कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भूक लागते ही तेजलची चूक नाही.' खाली सही, शिक्का.

मी म्हटलं, "मॅडम, मला कागद कशाला? पटलं मला."

"तुम्हाला नाही देत," त्या म्हणाल्या. "तिला देतेय. ती स्वतःलाच चोर समजायला लागलीय."

तेजलनं तो कागद दोनदा वाचला. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, चल ना. मला भूक लागलीय."