लोहाऱ्याच्या लग्नाचे पैसे

आई गेल्यापासून दिपाली उमरखेडच्या घरात एकटीच राहत होती. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग हे तिचं काम. यवतमाळच्या एका स्टुडिओचा मालक रजत लग्नं शूट करायचा आणि हार्डडिस्क कुणाच्या तरी हाती पाठवून द्यायचा. दिपाली घरी बसून ते कापायची, जोडायची, गाणी लावायची. पैशांचं लेखी काही नव्हतं, सगळं फोनवर ठरायचं.

दिवसभर परक्या घरातली माणसं तिच्यासमोर हसायची, रुसायची, जेवायची. एकेक लग्न इतक्यांदा पाहून व्हायचं, की कोणती आत्या कुणाशी बोलत नाही हेसुद्धा तिला कळायचं. एकदा बाजारात अशीच व्हिडिओतली एक बाई दिसली. दिपाली ओळखीचं हसली. बाईनं मागं वळून पाहिलं, ही कोणाकडं पाहून हसली म्हणून.

यंदाचा सीझन संपला, शेतात सोयाबीन वर आलं, तरी यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या एका लग्नाचे पैसे रजतकडून येईनात.

"ताई, पार्टीनंच देल्ले नाई. आले का टाकतोच," तो दर वेळी म्हणायचा.

शेवटी तिनं सांगून टाकलं, की लोहाऱ्याच्या लग्नाचा व्हिडिओ तयार आहे, पण पैसे आल्याशिवाय देणार नाही. "ठेवा मंग तुमच्याचपाशी," असं म्हणून रजतनं फोन ठेवला, आणि त्यानंतर उचललाच नाही. एका सकाळी दूधवाल्याला "उद्या नको" म्हणताना तिचा आवाज घोगरा निघाला. कितीतरी दिवसांत आपण कुणाशी बोललोच नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून तिनं यवतमाळची एसटी धरली. स्टुडिओचं शटर बंद होतं. बाजूचा झेरॉक्सवाला म्हणाला, "रजतभाऊ अमरावतीले गेलते, आले का नाई मालूम नाई." ती थोडा वेळ पायरीवर बसली. मग तिला वाटलं, पैसे जर पार्टीनं दिले नाहीत, तर पार्टीलाच विचारावं. व्हिडिओच्या सुरुवातीला लग्नपत्रिका तिनंच लावली होती, त्यामुळं पत्ता पाठ होता. ती ऑटोत बसून लोहाऱ्याला गेली.

दार नवरीच्या आईनं उघडलं.

"नमस्कार इंदूमावशी," दिपालीच्या तोंडून निघून गेलं.

इंदूबाई तिच्याकडं पाहतच राहिल्या. "कोन वं तू? मी वयखलं नाई."

"तुमच्या घरच्या लग्नाचा व्हिडिओ मी बनवते. एडिटिंगवाली."

आतून इंदूबाईंचा मुलगा अंकुर तरातरा बाहेर आला. "तुमीच का ते? रजतभाऊ सांगत होते, एडिटर पैसे घेऊन बसली अन् फोन उचलत नाई. आमी इतल्या दिवसांपासून वाट पाहून राह्यलो."

"मले तं एक रुपया भेटला नाई. तुमीच देल्ले नाई म्हने ते."

"आमी? लग्नाच्या आठवड्यातच पूर्ण देल्ले. बाबानं सोता मोजून देल्ले."

बसमध्ये तिनं बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, कडक. त्यातलं एक वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. तिनं आत पाहिलं, तर समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक नवा फोटो होता. डोमाजींचा, हार घातलेला. नवरीचे वडील. पांढऱ्या सदऱ्यातले, बुद्धवंदनेच्या वेळी डोळे मिटून उभे राहिलेले, जेवणाच्या पंगतीत प्रत्येकाला "घ्या जी, घ्या" म्हणत फिरणारे डोमाजी.

"कधी?" तिनं विचारलं.

"लग्नाच्या मागंच," इंदूबाई म्हणाल्या. "झोपले ते उठलेच नाई."

दिपालीला रडू आलं. आवरेना. मायलेक एकमेकांकडं बघत राहिले.

"तू वयखत होती का यायले?" इंदूबाईंनी विचारलं.

"नाई. व्हिडिओतच पाह्यलं," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

आत बसून तिनं लॅपटॉप उघडला. लग्नाचा व्हिडिओ लावला. आणि नंतर एक तुकडा दाखवला, जो कामाचा नाही म्हणून तिनं बाजूला काढला होता. पोरगी सासरी गेल्यावर कॅमेरा स्टँडवर तसाच चालू राहिला होता. रिकाम्या मांडवात डोमाजी एकटे खुर्च्या गोळा करत होते. एका खुर्चीवर टेकले आणि ओरडले, "इंदे, चा हाय का वं?" कुठून तरी इंदूबाईंचा आवाज आला, "चाच्या गंजात काईच नाई राह्यलं!" डोमाजी हसले. बराच वेळ हसत राहिले, आणि मग उपरण्यानं त्यांनी डोळे पुसले.

"हे पुन्हा लाव," इंदूबाई म्हणाल्या. मग आणखी एकदा.

अंकुर एक पेनड्राइव्ह घेऊन आला. दिपालीनं सगळं त्यात भरून दिलं. पैशाचं तिनं काही काढलं नाही, पण अंकुरनंच रजतला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अंकुरचा फोन रजतनं उचलला.

"भाऊ, एडिटरताई आमच्या घरी बसून हाय. आमचे पैसे कुठं गेले?"

रजत म्हणाला, "नवा कॅमेरा घेतला भाऊ, त्याच्यात गेले. टाकतो मी, आजच टाकतो." मग आवाज उतरवून, "पर ताई, पार्टीच्या घरी जायचं नोहतं तुमी. यापुढं आपलं जमनार नाई."

इंदूबाईंनी तिला जेवायला बसवलं. वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात. तिघं मिळून जेवली. वाढताना इंदूबाई लग्नातल्या गोष्टी सांगत होत्या, आणि दिपालीला त्या सगळ्या आधीच माहीत होत्या, तरी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होती. तेवढ्यात शेजारीण आली. "पाहुनी कोन म्हनाव?"

"हे होय, व्हिडिओवाली पोरगी," इंदूबाई म्हणाल्या. नाव त्यांनी विचारलंच नव्हतं. आता आपणहून सांगणं दिपालीला बरं वाटलं नाही.

निघताना त्यांनी तिच्या हातात एक डबा दिला आणि म्हणाल्या, "ये वं कधी." डबा परत करायला यायचं की नाही, ते काही बोलल्या नाहीत.

आर्णीच्या पुढं बस थांबली होती तेव्हा बँकेचा मेसेज आला. सगळे नाहीत, पण बरेचसे आले होते. त्यात घरभाडं भागलं, लॅपटॉपचा हप्ताही भागला. दिपालीला एकदम मोकळं वाटलं, आणि हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं. ती फोनमधली नावं खाली-वर करत राहिली. आईचा नंबर अजून होता. मामेबहिणीचा होता, पण तिला पैसे अडकले होते हेच माहीत नव्हतं, तर मिळाले म्हणून काय सांगायचं? या सगळ्या महिन्यांत या पैशांबद्दल ती एकाच माणसाशी बोलत आली होती.

तिनं रजतला लिहिलं, "मिळाले."

त्यानं मेसेज वाचल्याचं दिसलं. बस सुटली. महागाव येईपर्यंत तिनं फोन हातातच धरून ठेवला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कोनाच्या फोनची वाट पाहून राह्यली का बाई?"

"नाई," दिपाली म्हणाली, आणि लगेच वाटलं, बाईनं आणखी काही विचारावं. पण बाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले.